ज्येष्ठांची हौस

वर्षानुवर्षे पार्किंगमध्ये पडून असलेली मारुती ८०० पुन्हा रस्त्यावर आणायचा ठराव घरात एकमताने होतो, कारण पैसे कोण देणार हा विषय पटलावर येतच नाही. मेकॅनिक बॉनेट उघडतो. वायरिंग उंदरांनी कुरतडलेले, टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला, कार्बोरेटर तुंबलेला, ब्रेक जाम. तो म्हणतो, ‘काय नाय साहेब, होऊन जाईल.’ म्हणजे आकडा अजून ठरायचाय. मग टिंकरिंगवाला फ्लोअरला स्क्रूड्रायव्हर टोचतो. तो आरपार जाऊन खालच्या फरशीवर वाजतो. १९८३ साली अख्खी नवी गाडी ५० हजारांच्या आसपास मिळायची. आता तेवढ्यात डेंटिंग-पेंटिंग उरकले तर नशीब. शिवाय सरकारी आहेर आहेच: १५ वर्षांवरच्या मोटारीचे नोंदणी-नूतनीकरण २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, २० वर्षांवरच्यांचे २०२५ मध्ये १०,००० वर. पर्यावरण कर वेगळा. एवढे झाल्यावर ७९६ सीसीचे इंजिन खोकत सुरू होते आणि मालक डोळे पुसतो. बघणाऱ्यांना वाटते, गहिवरला. खरे तर सायलेन्सरचा धूर. दुसऱ्या दिवशी रंगाला ओरखडा नको म्हणून साहेब रिक्षाने ऑफिसला जातात.