जावईबापूंची होडी

मिनियापोलिस

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

तू फोनवर विचारलंस, जावईबापू गॅरेजमध्ये एवढं काय करत असतात? होडीची सेवा! इथे गाड्यांच्या नंबरपाटीवरच १०,००० तळी छापलेली असतात, मग होडी घेतल्यावाचून ह्यांना राहवतंय होय? जुनीच आहे, मागे 20 हॉर्सपॉवरचं इंजिन.

परवा मिनेटोंका तळ्यात गेलो. हळू चालवली तर शहाण्यासारखी चालायची. जरा जोर दिला की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि होडी जागची हलेना. बदकं आम्हाला मागे टाकून गेली. चावी काढून इंजिन वर उचललं, तर पंख्यात मिलफॉइलचं गवत (ह्या तळ्याला त्याचा ताप आहेच) आणि कुणाच्या तरी गळाचा तंगूस. हा तंगूस पंख्यामागे दांड्याला गुंडाळला गेला की सील कापतो, मग पाणी गिअरच्या तेलात शिरतं आणि तेल दुधाळ होतं. घरी येऊन ह्यांनी खालचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल बोटावर घेतलं. स्वच्छ! चेहरा इतका पडला की काय सांगू. मोठं दुखणं निघालं असतं तर नवी हत्यारं घेता आली असती ना.

मग पुस्तकं निघाली. म्हणे कमी पिचचा पंखा लावू. पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकायला हवा ते अंतर, इंचभर कमी केला की इंजिनाचे मिनिटाला दीड-दोनशे फेरे वाढतात. म्हटलं, अहो, फेरे आधीच नको तितके होताहेत! मला तर हे आपल्या मिक्सरसारखं वाटलं. भांड्याखालचं रबरी कपलर झिजलं की मोटर गरगरते आणि चटणी तशीच. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बोलायची सोय नाही.

शेजारच्या म्हातारबुवांनी मात्र मार्कर मागितला. पंख्याच्या मधल्या पितळी नळीपासून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, आता जोरात चालवून या. परत आलो तर रेघेचे दोन तुकडे दोन दिशांना! मधलं रबर सुटलं होतं. ते मुद्दामच कच्चं ठेवतात म्हणे, पंखा खडकावर आपटला तर आतले गिअर वाचावेत म्हणून.

नवा पंखा बसला. पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवून नट आवळला, पिन घातली आणि ‘मला पहिल्यापासून रबराचीच शंका होती’ हेही आम्हाला ऐकवून झालं.

तू येशील तेव्हा आपल्या मिक्सरची दोन कपलर आण. पंखा इथे चुटकीसरशी मिळतो, त्यांची मात्र मारामार.

तुझी,
ताई