शिफारसवाले आप्पा

बुऱ्हाणपुरात पुस्तकाच्या दुकानाचा पत्ता कुणीही सांगेल. कोणतं पुस्तक घ्यावं, हे मात्र आप्पाच सांगणार. तुम्ही विचारलंत तर सांगतील, नाही विचारलंत तर जास्त सांगतील. केळीचा आजचा भाव काय, एवढंच विचारायला तुम्ही त्यांच्या ओट्यापाशी थांबता. भाव राहतो बाजूला आणि पाचव्या मिनिटाला नाथमाधवांचा ‘वीरधवल’ संकटात सापडलेला असतो. तो सुटल्याशिवाय तुमची सुटका नाही.

आप्पांची उभी हयात यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेली. आता ते काम मुलगा संगणकावर करतो आणि आप्पा पूर्ण मोकळे आहेत. गावातल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या दृष्टीने ही गंभीर बाब आहे. मोठ्यांच्या वाटेला आप्पा जात नाहीत. “चाळिशी उलटली की माणूस दोनच गोष्टी वाचतो, विजेचं बिल आणि साखरेचा रिपोर्ट. त्याला काय शिफारस करायची?” विषयही ठरलेले दोनच, इतिहास आणि अद्भुत. सामाजिक कादंबरी ते कुणालाच सुचवत नाहीत. ती घरात चालूच असते, असं त्यांचं मत आहे.

मुलगा समोर आला की वैद्याने नाडी बघावी तशी आधी चौकशी होते. रात्री दिवे गेले तर अंगणात एकटा जातोस का? भांडण झालं तर उभा राहतोस की पळतोस? पुस्तक हातात घेऊन जेवायला बसलास तर आई काय म्हणते? पळणाऱ्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मिळतो, “कारण पळायचंच आहे तर नीट पळायला शीक.” उभा राहणाऱ्याला गो. नी. दांडेकर. अंधाराला घाबरणाऱ्याला देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’. भीती वाया घालवू नये, तिच्यावर चारशे पानं सहज निघतात, हा आप्पांचा अनुभव. ज्याची आई काहीच म्हणत नाही, त्याला ते थेट हरि नारायण आपट्यांचं ‘उषःकाल’ देतात. एवढं जाड पुस्तक पुरं व्हायला घरचा पाठिंबा लागतो.

भाषेची सबब इथे चालत नाही. इथली पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी लिहितात आणि मोबाइलवर इंग्रजी टाइप करतात. “आप्पा, मराठी पुस्तक जड जातं,” असं कुणी म्हणालं की आप्पा खुर्चीत सरळ होतात. “मराठी-हिंदीची लिपी एक आहे ना? मग ती काय फक्त दुकानांच्या पाट्या वाचायला दिली देवाने?” ‘चंद्रकांता’ १८८८ची, मूळ हिंदी. ती वाचता यावी म्हणून त्या काळी लोक हिंदी शिकले, असं सांगतात. आप्पांचं म्हणणं एवढंच, की तसं एखाद्या मराठी पुस्तकासाठी कुणी केलं तर पोलीस धरणार नाहीत.

‘हॅरी पॉटर’चं नाव मात्र जपून काढावं. एका शाळकरी मुलीने काढलं. आप्पा हे परदेशी खूळ धुडकावून लावतील, अशी तिची अपेक्षा होती. आप्पा उठले आणि आतून ‘हॅरी पॉटर आणि परीस’ घेऊन आले. “प्रकाशक बघ. मंजुल, भोपाळ. हॅरी मराठीत आला तो आपल्या मध्य प्रदेशातून! पुण्यावाल्यांनी त्याच्यासाठी आपल्याकडे हात पसरले.” पुण्यावाल्यांनी हात वगैरे पसरल्याची कुठे नोंद नाही. पण जन्मभर ज्यांना पुस्तकं भुसावळ-जळगावहून पिशवीत आणावी लागली, त्यांना एवढा सूड परवडतो.

आप्पांच्या घरात दोन कपाटं आहेत. एकावर खडूने ‘घडलेलं’ असं लिहिलंय, दुसऱ्यावर ‘न घडलेलं’. बाकीच्या गावांत ही व्यवस्था चालून जाईल. बुऱ्हाणपुरात ती रोज मोडते. कुंडी भंडाऱ्याचंच घ्या. सातपुड्यातून जमिनीखाली झिरपणारं पाणी तापीकडे जाताना मधेच अडवायचं, शंभरावर विहिरी खणून त्या खालून भुयाराने जोडायच्या आणि पाणी आपल्या उताराने शहरात आणायचं. पंप नाही, मोट नाही. हे झालं १६१५च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत. पाणी आजही वाहतं. आप्पांच्या नातवाने हे ऐकलं आणि कुंडी भंडाऱ्यावरची आप्पांची वही बेधडक ‘न घडलेलं’मध्ये ठेवून दिली. उलट असीरगडावरचा अश्वत्थामा. तो पहाटे गडावरच्या महादेवाला फूल वाहून जातो, असं पंचक्रोशीत कुणीही सांगेल. आप्पांनी तो ‘घडलेलं’मध्ये ठेवला. निवृत्त प्राध्यापक शेजाऱ्यांनी पुरावा मागितला. “फूल असतं ना रोज?” आप्पा म्हणाले. “पुजारी वाहत असेल.” “मग पुजाऱ्याचा पुरावा तुम्ही आणा.” प्राध्यापकांनी विषय सोडला. अश्वत्थामा अजून त्याच कपाटात आहे, अकबराने १६०१मध्ये गड घेतला त्या पुस्तकाला टेकून.

म्हणून आप्पा शिफारस करताना पुस्तकाबरोबर जागाही सांगतात. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न कुंडी भंडाऱ्यावर वाचायचा. ‘छावा’ शहराच्या कोटाबाहेर, बहादुरपुऱ्याकडे तोंड करून. मिर्झाराजे जयसिंग ज्यात ज्यात येतात ती सगळी पुस्तकं वाचून झाल्यावर बोहरड्याच्या छत्रीपाशी एक चक्कर, “कारण पुरंदरचा तह करणारा माणूस दोन वर्षांत आपल्या गावात येऊन मेला, हे पोरांना माहीत पाहिजे.” तापीपलीकडे जैनाबादचा आहूखाना, म्हणजे मुघलांची हरणबाग आहे. १६३१मध्ये मुमताज बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा आग्र्याला नेईपर्यंत सहा महिने तिथेच होती. तरुण औरंगजेब हीराबाई नावाच्या तरुणीला आंबा तोडताना बघून भान हरपून बसला, ही जुन्या फारसी ग्रंथातली हकिगतही तिथलीच. एवढं सांगून आप्पा घसा साफ करतात. “हे मात्र बारावीनंतर.” त्या दिवशी अकरावीची मुलं हटकून नदीपलीकडे जातात.

आप्पांच्या शिफारशीत दोष दोन. पहिला, ते शेवट फोडतात. त्यांना तो दोष वाटतच नाही. “इतिहासात शेवट लपवायचा कसा? ‘राऊ’ वाचणाऱ्याला मी काय सांगू, बाजीराव बरा होऊन पुण्याला गेला म्हणून? रावेरखेडीला समाधी आहे त्याची, बसने जाऊन ये.” अद्भुत कादंबरीचा शेवट मात्र ते कटाक्षाने सांगत नाहीत. फक्त कोण मरतो तेवढं सांगतात.

दुसरा दोष म्हणजे पाठपुरावा. पुस्तक दिल्याच्या तिसऱ्या दिवसापासून “कितव्या पानावर?” हा प्रश्न भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत, अगदी सलूनमध्ये गळ्याशी वस्तरा असतानाही येतो. पोरांनी उत्तरं पाठ केली आहेत. ‘चालू आहे.’ ‘मध्यावर आहे.’ ‘मामा घेऊन गेला.’ आप्पा यावर उपप्रश्न काढतात. “मध्यावर? मग नाथमाधव सिंहगडावरून पडले ते कळलं का?” पोरगं बिचारं होकार देतं आणि अडकतं. कारण कड्यावरून पडून अधू झाले ते लेखक स्वतः. आणि अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली. ते कादंबरीच्या कुठल्याच पानावर नाही.

आप्पांचं खरं रूप गावाने बघितलं ते मार्च २०२५मध्ये. ‘छावा’ सिनेमा नुकताच लागला होता. त्याची सुरुवातच बुऱ्हाणपूरच्या स्वारीने. त्यात असीरगडाजवळच्या शेतात सोन्याची नाणी सापडल्याची आवई उठली. रात्र पडली की माणसं टॉर्च, कुदळ, फावडी, चाळण्या आणि धातू शोधायची यंत्रं घेऊन रानात उतरू लागली. आप्पाही गेले. त्यांच्या हातात टॉर्च होता, काखेत शिवाजी सावंतांची मूळ कादंबरी.

“अरे, पिक्चर बघून काय खणता? आधी वाचा!” ते बांधावर उभे राहून ओरडले. “संभाजीराजांचे सरसेनापती हंबीरराव मोहिते आले १६८१मध्ये. लूट झाली बहादुरपुऱ्याची. इथून वीस किलोमीटर! आणि लूट म्हणजे काय? नेलेला माल! नेलेला माल मागे राहील कसा?”

तर्क बिनतोड होता, म्हणूनच कुणाला आवडला नाही. एका फावडेवाल्याने आप्पांना, आहात तर जरा टॉर्च इकडे धरा, असं सुचवलं. तेवढ्यात खड्ड्यातून एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा वर आला. “आप्पा, पण जाताना घाई असेल ना त्यांना? एखादी थैली फाटली असेल. घोडा बुजला असेल.”

आप्पांनी त्याच्या तोंडावर टॉर्च मारला. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. फाटकी थैली आणि बुजलेला घोडा! या पोराला दोन्ही कपाटांची किल्ली द्यावी, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी तिथल्या तिथे ‘छावा’ त्याच्या मातीच्या हातात दिला. “पुस्तकाला डाग पडतील, आप्पा.” “पडू दे. असीरगडची माती आहे, शोभेल.”

मुलाने पुस्तक खरोखर वाचलं. परत करायला आला तेव्हा सोबत स्वतःचं एक घेऊन आला. इंग्रजी, ग्रीक देवाच्या मुलाचं, पर्सी जॅक्सन नावाचं. “आप्पा, हे वाचा. मस्त आहे.” आप्पांना जन्मात कुणी शिफारस केली नव्हती. ती कशी घ्यायची, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं, किंमत पाहिली, अक्षर बारीक असल्याचं सांगितलं. पुढचे कित्येक दिवस मुलाने रस्त्यात गाठून “कितव्या पानावर?” विचारलं की आप्पा म्हणत, “चालू आहे.” एकदा म्हणाले, “मध्यावर आहे.” एकदा तर मामाचंही नाव निघालं. आप्पांचे मामा वारून तीस वर्षं झाली असतील.

मग उन्हाळ्यात एका संध्याकाळी आप्पांनी त्याच मुलाला ओट्यावरून हाक मारली. “इकडे ये बेटा. बस. रात्री अंधारात एकटा जातोस का? बरं. तुझ्या वयाला अगदी योग्य असं एक पुस्तक मला सापडलंय. एका पोराला कळतं की आपला बाप समुद्राचा देव आहे...”

मुलगा गुमान ओट्यावर बसला. फक्त एवढंच म्हणाला, “आप्पा, कोण मरतो ते सांगू नका.”