खिसा आपल्या सेवेशी सादर!

प्रति,
समस्त खिसेकापू बंधू-भगिनी,
मुक्काम : स्वारगेट, पुणे स्टेशन, मंडई आणि जिथे गर्दी तिथे.

विषय : गणेशोत्सवात पुण्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागताबाबत.

स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आलेत, म्हणजे तुमच्या सुगीचे दिवस आले. साताऱ्या-सोलापुरापासून न्यू जर्सीपर्यंतचे पाहुणे आता पुण्यात उतरतील. मानाच्या पाचही गणपतींना हात जोडतील, दगडूशेठसमोर मान वर करून रोषणाई बघतील, तुळशीबागेत कानातल्यांची घासाघीस करतील आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापुढे सहकुटुंब फोटो काढतील. त्यांच्यासाठी मंडळं मांडव घालतात, नगरसेवक स्वतःचे फोटो लावून शुभेच्छा देतात. पण पाहुण्याच्या अंगाला अंग लावून त्याची विचारपूस करणारे या शहरात फक्त तुम्हीच. त्या आपुलकीची लेखी नोंद कुठेतरी व्हावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी अभिनंदन. चार माणसांनी मिळून, एक शब्द न बोलता काम तडीस नेणं या शहरात दुर्मिळ झालं आहे. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा ठराव तीन सभांत होत नाही. तुमचं काम गाडीला ब्रेक लागेपर्यंत उरकतं. बसच्या पायरीवर पोचल्यावर तुमच्यातल्या एकाला अचानक आठवतं की ही गाडी आपली नव्हेच. तो उलटा फिरतो. दुसरा मागून रेटा देतो. मधला पाहुणा दोघांत चेपतो, 'अहो, जरा थांबा की' असं म्हणतो, आणि तेवढ्यात तिसऱ्याने त्याचं पाकीट चौथ्याच्या पिशवीत पोचवलेलं असतं. पाहुण्याने बोंब मारलीच, तर ज्याच्यावर संशय येतो त्याच्या अंगावर रुमालाशिवाय काही सापडत नाही. उलट तोच 'सज्जन माणसावर आळ घेता?' म्हणून गरम होतो.

भगिनींचं कौशल्य तर आणखी वरचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीने महिलांना निम्मं तिकीट केलं आणि गाड्या माहेरवाशिणींनी भरून वाहू लागल्या. दाराच्या रेट्यात आजी दांडा धरायला हात वर करतात, आणि त्याच हातातली बांगडी कटरने कापली जाते. त्यांना पत्ता लागतो तो खिडकीशी बसून घाम पुसताना. सरकारने तिकिटात वाचवून दिलेले पैसे पुढच्या कित्येक वर्षांच्या प्रवासासकट एका बांगडीत वसूल होतात.

पण खरं सांगू का, या यशात आमचाही वाटा आहे आणि त्याचं श्रेय तुम्ही कधी दिलं नाहीत. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून पिढ्या बदलल्या, गाड्यांचे रंग बदलले, तिकिटाचं यंत्र आलं, पण गाडी फलाटाला लागायच्या आत तिच्यावर तुटून पडायची आमची रीत ढळली नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची कला तर आम्ही लहानपणीच शिकतो. विचार करा : एक सद्गृहस्थ टाचा उंचावून उभे आहेत, दोन्ही हात वर, नजर रुमालावर, सारा जीव खिडकीत, आणि मागचा खिसा उघडा. इतकं सहकार्य तुम्हाला जगात आणखी कुठे मिळेल?

शिवाय आम्ही पाटी लावतो. 'खिसेकापूंपासून सावध रहा'. ती वाचली की वाचणाऱ्याचा हात आपोआप पाकिटावर जातो. लांब उभं राहून बघणाऱ्याला एका मिनिटात कळतं की यांचं मागच्या खिशात, त्यांचं आतल्या बंडीत, वहिनींचं ब्लाउजमध्ये. सर्वेक्षणाचा तुमचा सगळा खर्च सरकारने उचलला आहे.

या व्यवसायाचा इतिहास मोठा आहे, हे तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉर्ज बॅरिंग्टन नावाचा एक झकपक पोशाखातला गृहस्थ होता. त्याने नाटकगृहात रशियाच्या ऑर्लोव्ह नावाच्या सरदाराच्या हिरेजडित तपकिरीच्या डबीला हात घातला. पकडला गेला, पण सरदाराने खटला चालवलाच नाही. मोठ्या माणसाला लुटलं गेल्याची लाज चोरापेक्षा जास्त वाटते, ही गोष्ट तेव्हाचीच. पुढे दुसऱ्या एका चोरीत त्याला जहाजात घालून ऑस्ट्रेलियात पाठवलं. तो तिथे १७९१ मध्ये उतरला आणि १७९६ मध्ये पॅरामॅटा गावाचा मुख्य शिपाई, म्हणजे कोतवालच, झाला! त्याच १७९१ साली आपल्या पुण्यात काय झालं? रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर दिसेल त्याला कोठडीत टाकणारा घाशीराम कोतवाल लोकांच्या दगडांनी मेला. तिकडे खिसेकापू कोतवाल झाला, इकडे कोतवालाचाच जीव गेला. तेव्हापासून या शहरात नेमकं कुणाला घाबरायचं, हे लोकांना नीट ठरवता आलेलं नाही.

परदेशी सहकाऱ्यांचीही आठवण ठेवा. पॅरिसचं लुव्र संग्रहालय १० एप्रिल २०१३ रोजी दिवसभर बंद राहिलं. मोनालिसा आजारी नव्हती. खिसेकापूंच्या टोळ्यांना कंटाळून तिथल्या कर्मचाऱ्यांनीच काम थांबवलं होतं. व्हेनिसमध्ये जागरूक नागरिक अशा टोळ्यांकडे बोट दाखवून भर चौकात 'सावधान, खिसेकापू!' असं ओरडतात. तिथले तुमचे बांधव त्रासले आहेत. इथे तसा त्रास नाही. पुणेकराचा आवाज मोठा आहे खरा, पण तो चोरावर निघत नाही, लुटल्या गेलेल्यावर निघतो. 'पाकीट मागच्या खिशात ठेवायला सांगितलं होतं कुणी?', 'एवढं सोनं घालून यायचं कशाला?', 'आमच्याकडे असं कधी होत नाही बुवा!' पाहुण्याचं पाकीट तुम्ही नेता. उरलीसुरली अब्रू आम्ही घेतो.

तुमच्या शाखा वाढल्या आहेत, तेही कानावर येतं. गल्लीत एकट्या जाणाऱ्या आजींना गाठून 'शेठजींना मुलगा झालाय, साड्या वाटतायत, अंगावर दागिने दिसले तर गरीब समजणार नाहीत, काढून पिशवीत ठेवा' असं सांगणारी शाखा. 'पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, मी पोलिस, साखळी काढून रुमालात बांधा' म्हणणारी शाखा. तिच्यात रुमाल तुम्हीच बांधून देता आणि घरी सोडल्यावर त्यात खडे निघतात. 'साहेब, नोटा पडल्यात तुमच्या' आणि 'शर्टावर काहीतरी सांडलंय' या शाखा तर जुन्याच. यांत ब्लेड लागत नाही, फक्त आवाजात आदर लागतो. पुण्यात परक्याशी आदराने बोलणारं कुणी भेटलं, तर एवढ्यावरूनच पाहुण्याने खिसा चाचपावा, असं मी सुचवणार होतो; पण माझ्याच शहराबद्दल किती वाईट बोलायचं?

कायद्याचीही तुमच्यावर मर्जी दिसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा! चौकातल्या फलकावर नावामागे 'समाजसेवक' लावायला आमच्याकडे लोक काय काय खटपटी करतात. तुम्हाला ती पदवी कोर्टच देणार. मात्र कलम ११२ जपून वाचा. टोळीने केलेल्या किरकोळ संघटित गुन्ह्यांत तिथे खिसे कापण्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि शिक्षा एक ते सात वर्षं. तेव्हा चौघांनी मिळून काम करण्याची जी वाखाणणी मी वर केली, ती कोर्टात पुरावा म्हणून दाखवू नका.

आता थोडी कळकळीची तक्रार. काही पाहुणे अलीकडे तुमच्याशी असहकार करू लागले आहेत. गाडी लागायच्या आधीच ते तिकिटापुरते सुटे पैसे वेगळ्या खिशात काढतात, म्हणजे पाकीट गर्दीत उघडावंच लागत नाही. बाकीची रक्कम दोन ठिकाणी विभागतात. पाठीवरची सॅक पोटावर घेतात. चढताना फोन शर्टाच्या वरच्या खिशातून चेनच्या आतल्या खिशात जातो. मिरवणुकीला येताना सोनं घरी ठेवून खोट्या बांगड्या घालतात. शर्टावर काही सांडलं असं सांगितलं की जागेवर न थांबता सरळ समोरच्या दुकानात शिरतात. खऱ्या पोलिसाला दागिने काढून घ्यायची गरज नसते, हेही त्यांना कळून चुकलंय.

त्याहून वाईट म्हणजे, ते सिमकार्डाला पिन लावतात. फोन हाती आला की सिम काढून दुसऱ्या फोनात घालायचं, ओटीपी मागवायचा आणि बँक रिकामी करायची, हा तुमच्या नव्या पिढीचा जोडधंदा. पिन लावला की तो तिथेच अडतो. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक ते खोक्यावरून आधीच टिपून ठेवतात. फोन गेला की आधी सिम बंद करून बँकेला कळवतात, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार देतात, आणि मग पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर फोनच बंद पाडतात. तो देशात कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही. तुमच्या हातात उरते ती चकचकीत काच.

तक्रारीच्या बाबतीत मात्र अजून तुम्हाला आशेला जागा आहे. खिसा कापला गेला तरी कागदावर पुष्कळदा फोन 'गहाळ' होतो. जणू तोच कंटाळून कुठे निघून गेला! गहाळ झालेल्या वस्तूला चोर नसतो, म्हणून गुन्हाही नसतो, आणि म्हणून शहर सुरक्षित असतं. पण पाहुण्यांना आता एवढंही कळू लागलंय की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात खबर देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, आणि तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. 'गहाळ नाही, चोरी लिहा' असं ठामपणे म्हणणारा पाहुणा तुमच्या धंद्याला घातक आहे.

एका बाबतीत मात्र थट्टा पुरे. गर्दीत 'चोर, चोर' झालं की तुमच्यातला इस्त्रीच्या शर्टातला माणूस 'धरा, धरा' म्हणत पुढे होतो आणि मार खातो तो फाटक्या कपड्यातला. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून आख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. अशाच एका जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आम्ही पुस्तकाची वाहवा केली, आणि फलाटावर पाल टाकून बसलेल्या कुटुंबाकडे आजही पाकिटावर हात ठेवून बघतो. आमच्या या नजरेचा सगळा फायदा तुम्हाला मिळतो.

म्हणून शेवटी तुमच्या धंद्याचं गुपित उघड करतो, राग मानू नका. तुमची खरी पुंजी ब्लेड नाही, कटर नाही, बोटांची सफाईही नाही. आमची ढकलाढकली हीच तुमची पुंजी. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली. त्याच स्वारगेटला जमिनीखाली तोच पुणेकर आणि तोच पाहुणा सरकत्या जिन्यावर एकामागे एक उभा राहतो, दारातून आधी उतरणाऱ्यांना वाट देतो. वर आला, एसटी दिसली, की त्याच्या अंगात येतं. पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहणारी माणसं आपण. रांग आम्हाला येत नाही असं कोण म्हणेल? फक्त बससमोर ती लावायचा आम्हाला कंटाळा आहे, आणि त्या कंटाळ्यावर तुमचा संसार चालला आहे. रांगेत पुढच्याला उलटं फिरायला कारण उरत नाही, मागच्याला रेटा द्यायला जागा मिळत नाही, आणि आजींना दांडा धरायला उसंत मिळते.

कळावे, लोभ आहेच. वाढू नये ही विनंती.

आपला,
एक नियमित प्रवासी

प्रत माहितीसाठी :
१. बसस्थानकांचे व्यवस्थापक : पाटीच्या जागी रांगेचे कठडे लावावेत. कठडे वाचावे लागत नाहीत.
२. ठाण्यांचे अंमलदार : चोरीला चोरीच म्हणावं.
३. वाचक : या गणपतीत पाहुण्याला स्वारगेटला घ्यायला जाल, तेव्हा खिडकीतून रुमाल टाकू नका. दाराशी रांगेत उभे राहा, आणि तुमच्या मागच्यालाही उभं करा.