संगणक-सेवा कंपनीची निवड: विजयदुर्गच्या व्यावसायिकांसाठी शास्त्रोक्त विवेचन

ज्या आस्थापनेत आंबापेट्यांची बिले, जीएसटीची विवरणपत्रे आणि मालकाच्या नातवाचे गेम एकाच संगणकावर नांदतात, तिला लघुउद्योग म्हणावे, ही व्याख्या मान्य केल्यास विजयदुर्गात संगणक-सेवा कंपनी निवडणे सोयरीक जमवण्याहून कठीण ठरते; कारण सोयरिकीत निदान स्थळ घरी येऊन पाहता येते.

पहिली कसोटी अंतराची. ‘तासाभरात माणूस पाठवतो’ असे आश्वासन मिळाल्यास तो माणूस देवगडहून निघणार, कणकवलीहून की फक्त फोनवरूनच, हे आधी विचारून घ्यावे. दूरस्थ सेवा, म्हणजे तंत्रज्ञाने आपल्या खुर्चीत बसून ग्राहकाच्या पडद्यावरील बाण हलवणे, ही सोय उत्तम असली तरी तिला इंटरनेट लागते, आणि तक्रार बहुधा इंटरनेट बंद पडल्याचीच असते.

दुसरी कसोटी निदानाची. खाऱ्या, दमट हवेने रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, पट्टीची सोनेरी टोके मळतात, आणि पट्टी काढून ती टोके खोडरबराने हलकेच घासून पुन्हा बसवल्यावर मृत घोषित झालेला संगणक पुष्कळदा उठून बसतो. म्हणून खोका उघडण्यापूर्वीच ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगणारा तंत्रज्ञ वर्ज्य मानावा.

तिसरी कसोटी कराराची. वार्षिक देखभाल करारात, ज्याला व्यवहारात एएमसी म्हणतात, ‘सुटे भाग वगळून’ हे शब्द सर्वांत बारीक अक्षरात असतात, तेव्हा वाचन तेथूनच सुरू करावे. देखभालीत सुरक्षाही आली; म्हणून विंडोज १० चा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असताना ‘चालतंय तोवर चालवा’ असा सल्ला देणाऱ्या कंपनीस या कसोटीत शून्य गुण द्यावेत.

चौथी आणि निर्णायक कसोटी बॅकअपची, म्हणजे माहितीच्या राखीव प्रतीची. सारे एकाच जागी ठेवण्याचा धोका विजयदुर्गाने पूर्वीच पाहिला आहे: फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या माऱ्यात येथील आरमारप्रमुख आंग्र्यांच्या एका जहाजाने पेट घेतला आणि किल्ल्यालगत जहाजे एकत्र असल्याने जवळजवळ सारे आरमार त्याच आगीत जळाले. तरीही त्याच गावात संगणकाची राखीव प्रत त्याच संगणकाच्या ‘डी’ ड्राइव्हवर ठेवण्याची प्रथा टिकून आहे. प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या छपराखाली असावी.

सबब, सही करण्यापूर्वी मालकाने गतवर्षीचे एखादे बिल राखीव प्रतीतून समोर काढून दाखवण्यास सांगावे. जी कंपनी ते काढून दाखवेल तिच्याशी करार करावा. जी ‘डेटा सेफ आहे, टेन्शन घेऊ नका’ एवढेच म्हणेल, तिला चहा पाजून संध्याकाळच्या एसटीने सन्मानपूर्वक रवाना करावे.