कपाळात पिन

पिन बरोबर कपाळात बसली आहे. दोन डोळ्यांच्या मधोमध, रेघभरही इकडेतिकडे नाही. आमच्या कुंडलच्या शिवारात शाळवावर बसलेली पाखरं हाकणाऱ्या गोफणीलाही असा नेम साधलेला नाही.

बळी गेलेला प्राणी ड्रॅगन आहे. रंगानं नारिंगी, पाठीला पंख, शेपटीच्या टोकाला जाळ. पोरं त्याला चारिझार्ड म्हणतात. 6.3 बाय 8.8 सेंटिमीटरच्या पोकेमॉन कार्डावर तो छापलेला असतो, आणि आमच्या भाच्यानं तो पुण्यातल्या एका पोराकडून मागवला होता. किती रुपयांना, ते त्याच्या वडिलांना अजून कळलेलं नाही, म्हणून इथंही छापत नाही. हे सदर ते वाचतात.

पुण्याच्या पोराची काही चूक नाही. त्यानं कार्ड आधी पातळ प्लॅस्टिकमध्ये घातलं, मग कडक कव्हरात, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, आणि तेवढं सगळं पाकिटात घालून कुरिअरच्या काउंटरवर नेलं. काउंटरवरचे गृहस्थ परोपकारी निघाले. "आत काय आहे?" "कार्ड." "आधार का एटीएम?" "नाही, नुसतं कार्ड." "मग एवढे पुठ्ठे कशाला? वजन वाढतंय. उगाच पुढच्या स्लॅबचे पैसे पडतील." असं म्हणून त्यांनी पुठ्ठे काढून बाजूला ठेवले, कडक कव्हर काढलं, कार्ड साध्या पाकिटात सरकवलं, वर पावती ठेवली आणि खट्ट. पोराचे पैसे वाचले. ड्रॅगन गेला.

या छंदाची जगात काय किंमत आहे, हे ज्यांना पोरांनी अजून ऐकवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. याच ड्रॅगनचं 1999 सालच्या पहिल्या छपाईचं, दहापैकी दहा गुण मिळालेलं एक कार्ड 2022 साली अमेरिकेत 4 लाख 20 हजार डॉलरला गेलं. त्याच वर्षी बेसबॉलच्या एका खेळाडूचं 1952 सालचं कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं. त्याला साडेनऊच गुण होते. गुण देणारी माणसं भिंग लावून बसतात. कोपरा केसभर पांढरा दिसला की गुण कापला, छपाई डावीकडं झुकली की गुण कापला. दहावीच्या बोर्डात असे मास्तर असते तर अर्धा सांगली जिल्हा अजून दहावीत असता. त्या 1952 च्या कार्डांचे न खपलेले गठ्ठे कंपनीनं 1960 मध्ये चक्क अटलांटिकमध्ये नेऊन बुडवले होते. बुडाली बिचारी, पण कपाळ शाबूत ठेवून बुडाली.

आता हे पाकीट कुंडलला घरापर्यंत आलं कसं, तर आलंच नाही. फोन आला. "स्टँडवर हाय, पाच मिन्टात या, न्हाईतर पार्सल माघारी जातंय." मोबाइलवर त्याआधीच संदेश पडला होता की आमचा माणूस आपल्या दारी आला होता, आपण घरी नव्हता. घरी आजी होती, आजोबा होते, म्हैस होती. कुणी कुणाला पाहिलं नाही. ज्या मुलखातल्या पोरांनी 1943 साली शेणोलीजवळ इंग्रज सरकारची पगाराची गाडी अडवून पैसा मोजून काढून घेतला, त्या मुलखात आज एक पाकीट स्टँडपासून गल्लीपर्यंत येत नाही. गावाची खूण सांगताना ज्येष्ठ मंडळी अजून "कुंडल रोड स्टेशन" म्हणतात. त्या स्टेशनचं नाव किर्लोस्करवाडी होऊन जमाना झाला. पण खरं सांगायचं तर पत्त्याबद्दल आमची तक्रारच नाही. पिन कोड चुकला तरी पाकीट आज ना उद्या येतं. पिन मात्र चुकत नाही.

भाचा शहाणा. पुढच्या वेळी त्यानं स्वतः एक कार्ड बाहेरगावी धाडलं, तेव्हा वेगळ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिलं: "आत नाजूक कार्ड आहे. पिन मारू नये." काउंटरवरच्या बाईंनी तो मजकूर नीट वाचला. कौतुकानं मान हलवली. आणि तो कागद वाटेत पडू नये म्हणून पाकिटाला पिन मारून पक्का केला. दोन पिना, कारण सूचना महत्त्वाची होती.

मधे एकदा आमच्या एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात एक कार्ड आलं होतं. तेही सांगून टाकतो. पाऊस होता, पाकीट ओलं झालेलं. दुकानदारानं आपलेपणानं कार्ड बाहेर काढलं, पुसलं, लॅमिनेशन केलं आणि वर दोन झेरॉक्स काढून ठेवल्या. "कुठं तरी जोडायला लागत्यातच," म्हणाला. त्या माणसावर रागावता येत नाही. आयुष्यभर त्यानं हेच पाहिलं आहे.

कारण दोष त्या दुकानदाराचा नाही, आणि पोकेमॉनचाही नाही. या राज्यात कपाळात पिन हा रिवाजच आहे. कोणताही अर्ज काढा. उजव्या कोपऱ्यात चौकोन असतो, त्यात लिहिलेलं असतं, "येथे फोटो चिकटवावा." चिकटवावा! डिंकाची बाटली त्या टेबलावर असते, पण तिचं बूच उघडत नाही. म्हणून साहेब फोटो उचलतात, चौकोनात ठेवतात आणि खट्ट. गळ्याखाली नाही, खांद्याला नाही, वरच्या मोकळ्या भागात नाही. कपाळात. ज्या पोरानं पुण्यात दाटीवाटीच्या खोलीवर राहून, मेसचं पातळ वरण पिऊन, भरतीची जाहिरात निघायची वाट बघत तिशी गाठली, त्याच्या कपाळात. ज्या पोरीच्या बापानं उसाचं बिल अडकलं म्हणून परीक्षेच्या फीसाठी हातउसने घेतले, तिच्या कपाळात. आता सगळं ऑनलाइन झालं म्हणतात. झालं ना. ऑनलाइन भरा, मग त्याची प्रिंट काढा, प्रिंटला फोटो लावा, फोटोमागं दाखले लावा आणि घेऊन या. मग साहेब आहेतच. अस्सल दाखल्याला पिन, ती उपसून पुन्हा पिन, पुन्हा उपसून तिसऱ्या टेबलावर तिसरी पिन. शाळा सोडल्याचा दाखला उजेडात धरला की चाळणीसारखं आरपार दिसतं, आणि त्या चाळणीतून एक पिढीची पिढी गळून गेली आहे, त्याचा पंचनामा कोण करणार? एक्स-रेला पिन मारतात हो! डॉक्टरला वाटतं फुप्फुसावर डाग आहे, आणि तो डाग असतो बिलाचा. कुस्त्यांच्या मैदानासाठी ओळखलं जाणारं आमचं गाव. तिथल्या पैलवानाच्या प्रमाणपत्रावर फोटोतल्या छातीत पिन बघितली आहे मी. समोरच्या गड्याला पाठ लावता आली नाही, ते काम स्टेपलरनं केलं.

आणि हे बंद करता येत नाही असंही नाही. नोटांच्या बंडलांना पिना मारायच्या नाहीत, कागदी पट्टी लावायची, असा हुकूम बँकांना 2001 सालीच निघाला. आधी आरडाओरडा झाला, मग सगळे शिकले. टी-बॅगला पिन नको, पोटात जाते, असाही आदेश आला. म्हणजे गांधीजींच्या फोटोला पिन मारायची नाही, चहाला मारायची नाही, हे सरकारला पटतं. तुमच्याआमच्या फोटोचं तेवढं पटायचं राहिलं आहे.

चारिझार्डवर भाच्यानं उपचार केले. पिन नखानं उघडली, भोकं बोटानं दाबून सपाट केली. ज्याच्याशी पुढं अदलाबदल ठरली होती त्या नागपूरच्या पोराला फोटो पाठवला. त्यानं विचारलं, हे मुळातलं आहे का नंतर टोचलेलं? भाच्यानं खरं सांगितलं. सौदा मोडला.

तेव्हा काउंटरच्या पलीकडं बसणाऱ्या बंधुभगिनींना हात जोडून विनंती: मारायचीच असेल तर पाकिटाच्या अगदी कडेला मारा, बोटानं चाचपून, आत काही लागत नाही हे बघून. आणि पाठवणाऱ्यांनो, पुठ्ठे काढू देऊ नका, वर पडतील ते पैसे द्या, चारी बाजूंनी चिकटपट्टी घरूनच मारून न्या. पावती हातात मागून घ्या. ती पाकिटाला लावायला ते स्टेपलर उचलतीलच, तेव्हा पाकिटावर पंजा ठेवा. मागची रांग ओरडेल. ओरडू द्या.