पोरं धरणारी टोळी

वरुडात संत्र्याच्या बागेला तारेचं कुंपण असतं, बहार धरला की राखणही. समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला मात्र फाटकसुद्धा नाही. सकाळी निरोप येतो, ‘पोरं धरणारी टोळी आली, सावध राहा’. दुपारी तिथंच दहावी पास पोरीचा फोटो, शाळा, टक्के, बापाचा मोबाईल नंबर. खाली अंगठ्यांची रांग. एकट्या राहणाऱ्या आजींच्या पेन्शनचं पासबुकही ‘कोणी वाचून सांगा’ म्हणून टाकलेलं. सभासद कोण, हे अ‍ॅडमिनभाऊंनाही ठाऊक नाही.

असल्याच अफवेवर १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागणारे पाच डवरी गोसावी जमावानं ठेचून मारले. मुलांच्या संरक्षणासाठी पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर फुकट लागतो. ग्रुपच्या नियमावलीत मात्र कलम एकच: राजकारण टाकू नये.