सासूबाईंचं बेट

डार्विनहून तिवी बेटांवर जायचं तर आधी परवाना लागतो. बेटांची जमीन तिवी लोकांच्या मालकीची, त्यामुळे तिथं पाय ठेवायचा की नाही हे त्यांची लँड कौन्सिल ठरवते. आमच्या सहलवाल्यांनी परवान्याची सोय तिकिटातच केली होती, तरी नवरा कुरकुरलाच. एकाच देशात फिरायला परवानगी कसली?

"बरोबरच आहे त्यांचं," सासूबाई म्हणाल्या. "लोकांच्या घरी असं उठून जायचं नसतं." मग माझ्याकडे न बघता, "काही माहेरची माणसं येतात, ते वेगळं."

सासूबाई आमच्याबरोबर येणार हे ठरलं तेव्हापासून नवऱ्याला काळजी होती. आईंना बोट लागेल, ऊन बाधेल, जेवण चालणार नाही. प्रत्यक्षात ऐंशी किलोमीटरचा समुद्र ओलांडताना अडीच तास बोटीच्या कठड्याला धरून उभा राहिला तो नवरा. आई खिडकीशी बसून चिवडा खात होत्या आणि अधूनमधून त्याच्या दिशेनं "बंडू, लांब बघ, लांब" असं सांगत होत्या.

तिवी बेटं म्हणजे मुख्यतः दोन: बाथर्स्ट आणि मेलव्हिल, मध्ये अ‍ॅप्सली नावाची चिंचोळी खाडी. मेलव्हिल हे टास्मानियाच्या खालोखाल ऑस्ट्रेलियाचं सर्वांत मोठं बेट. दोन्हींवर मिळून वस्ती सुमारे अडीच हजार. आम्ही उतरलो ते बाथर्स्टवरच्या वुरुमियांगा या गावी. किनारा असा की कॅलेंडरवाल्यांनी रांग लावावी. पोहायला मात्र बंदी, कारण पाण्यात मगरी आहेत आणि पावसाळ्यात मगरींनाही सौम्य म्हणावं अशी विषारी जेलीफिश. नवऱ्यानं बॅगेत आणलेली नवी पोहण्याची चड्डी घडी न मोडता परत गेली.

आम्हाला गाव दाखवायला आलेल्या बाई साधारण सत्तरीच्या, छापील फुलाफुलांच्या झग्यातल्या. तिथं वयस्क बायकांना सगळेच 'आंटी' म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. आई लगेच पुटपुटल्या, "मला कधी आंटी म्हटलीस तर बघ."

आंटींनी आधी ओल्या पानांचा धूर करून आम्हा सगळ्यांना त्यातून चालवलं. बाहेरून येताना सोबत काही वाईट आलं असेल तर ते इथंच सुटावं म्हणून. या बेटानं ही खबरदारी घ्यावी हे साहजिकच आहे, कारण बाहेरून आलेल्यांचा इतिहास फार चांगला नाही. 1824 मध्ये इंग्रजांनी मेलव्हिलवर फोर्ट डंडास नावाचा किल्ला बांधला. ताप, स्कर्व्ही आणि तिवींचे भाले यांच्यापुढे पाचेक वर्षांत गाशा गुंडाळला. मटणाची सोय म्हणून तिमोरहून आणलेल्या म्हशी तेवढ्या मागे राहिल्या. साम्राज्य गेलं, म्हशी टिकल्या. पुढे त्यांचे कळप इतके वाढले की शिकारी त्यांच्यासाठी बेटावर येऊ लागले.

मग 1911 मध्ये मिशन काढायला आले फादर गसेल. तिवी रीतीत मुलींची लग्नं जन्मायच्या आधीच ठरायची, बहुधा वयस्क पुरुषांशी. एक मुलगी नको म्हणून पळून आली, तेव्हा फादरनी कुऱ्हाड, पीठ, कापड असा ऐवज देऊन तिच्यावरचा नवरेपणाचा हक्कच विकत घेतला. मग आणखी एकीचा. मग आणखी. पुढे ते डार्विनचे बिशप झाले आणि आत्मचरित्राला नाव दिलं 'दीडशे बायकांचा बिशप'. व्हॅटिकनमध्ये हे शीर्षक वाचून कुणाचा चहा सांडला असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

जपानी आले ते 1942 च्या 19 फेब्रुवारीला, डार्विनवर बॉम्ब टाकायला जाताना. मिशनमधून वायरलेसवर इशारा गेला, डार्विनमधल्या साहेबांनी तो मनावर घेतला नाही. (साहेब कुठलाही असो.) त्यांचं एक विमान मेलव्हिलवर कोसळलं. जिवंत राहिलेल्या वैमानिकाला मथायस उलुंगुरा या तिवी तरुणानं पाठीमागून गाठलं, हात वर करायला लावले आणि त्याचं पिस्तूल काढून घेतलं. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पकडलेला हा पहिला जपानी युद्धकैदी. मथायसच्या हातात काय होतं? आंटी म्हणाल्या, कुऱ्हाड.

गोष्टी ऐकता ऐकता चहा झाला, निखाऱ्यांत भाजलेला डॅम्पर पाव झाला, आणि आई व आंटी यांचं सूत जुळलं. आईंचं इंग्रजी बेताचं, आंटींचीही मूळ भाषा तिवी. म्हणजे दोघींना इंग्रजी सारखंच परकं, आणि म्हणूनच बहुधा अडलं नाही.

मुलाला कूळ आईकडून मिळतं आणि एकाच कुळात लग्न चालत नाही, हे आंटींनी सांगितल्यावर आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ. सगोत्र इथंही चालत नाही." मग आंटींनी जुनी रीत सांगितली: जावयानं सासूसाठी शिकार करून आणायची, तिला हवं-नको ते बघायचं, जन्मभर.

आई थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांना एकच मुलगा. मुलगी नाही. हिशेब केला तर या रीतीचा सगळा फायदा माझ्या आईला होत होता.

"आणि सून?" त्यांनी विचारलं.

मी घाईनं नवऱ्याला फुटबॉलच्या मैदानाकडे नेलं. तो आधीच तिकडे निघाला होता, पोरांना क्रिकेट शिकवायला. हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल इथं मिशनच्या ब्रदर जॉन पाय यांनी 1941 च्या सुमारास आणला. मार्चमधल्या अंतिम सामन्याला तर परवान्याशिवाय बाहेरच्यांना येऊ देतात, एवढा तो सण. देशाच्या अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला नॉर्म स्मिथ पदक मिळतं. ते तिवी वंशाच्या तिघांनी मिळवलंय: 1982 ला मॉरिस रिओली, 1993 ला मायकल लाँग, 2015 ला सिरिल रिओली. अनवाणी पोरांनी बंडूचं गुगलीवरचं व्याख्यान शांतपणे ऐकलं आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून पलीकडे मारला.

परतलो तर नाच सुरू होता. प्रत्येकाला वडिलांकडून एक नाच मिळतो: मगरीचा, शार्कचा, आणि इंग्रजांनी सोडून दिलेल्या म्हशीचासुद्धा. डार्विनवरच्या बॉम्बहल्ल्याचाही नाच आहे. बाहेरून काहीही येवो, हे लोक त्याला नाचात घेऊन मोकळे होतात.

"तुमचा कुठला?" आंटींनी आईंना विचारलं.

"आमचं देवक कळंब," आई ताठ मानेनं म्हणाल्या. "झाड. मोठं झाड. आणि वडिलांकडून येतं ना? मग बंडू नाचेल."

बंडूला मैदानात ढकलण्यात आलं. कळंबाचा नाच कसा असतो हे सकल मराठा समाजात कुणालाच ठाऊक नाही. तो मधोमध उभा राहिला, दोन्ही हात फांद्यांसारखे वर केले आणि वारा आल्यागत थरथरू लागला. ढोल नसतो तिथं, टाळ्यांवर चालतं. टाळ्या थांबल्या. मग एक म्हातारा हसायला लागला, मग पोरं, मग आंटी डोळे पुसत आईंना म्हणाल्या की हा नाच आम्हाला माहीत आहे, हा मथायसनं पकडलेला जपानी.